आधी घाण तोडा, मग पाणी अडवा: ओढ्याकाठच्या गावांनी मिळून करायच्या पाणलोट कामांची माहिती

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पाणलोटाचे काम म्हटले की लोकांच्या डोळ्यासमोर बंधारा येतो. बंधाऱ्यात पाणी साठले, विहिरीची पातळी चढली, की काम झाले असे मानले जाते. चढलेले पाणी पिण्याजोगे आहे का, हे फारसे कोणी तपासत नाही. गावाच्या गटारी ज्या ओढ्यात सुटतात, त्याच ओढ्यावर गावाच्या खालच्या अंगाला बंधारा घातला तर जमिनीत मुरते ते गटारीचेच पाणी, आणि विहिरीत उतरतेही तेच.

म्हणून पाण्याचा दर्जा सुधारायचा असेल तर कामांचा नेहमीचा क्रम बदलावा लागतो. घाण ओढ्यात येणे आधी थांबवायचे, मग उतारावरची माती जागेवर धरायची, आणि पाणी अडवायचे ते सर्वांत शेवटी. एका ओढ्यावरच्या तीन-चार गावांनी पहिल्यांदाच असे काम हाती घेतले तर कुठून सुरुवात करावी, काय मोजावे आणि कुठे चुका होतात, ते पुढे दिले आहे.

हद्द गावाची नव्हे, पाण्याची

मार्कंडेय, मलप्रभा, घटप्रभा, हिरण्यकेशी किंवा वेदगंगा अख्खी सुधारणे कुठल्याही गावसमितीच्या आवाक्यात नाही. त्यांना मिळणारा एखादा ओढा मात्र आवाक्यात असतो. ज्या जमिनीवरचे पाणी उतरून एका ओढ्यात येते, तो त्या ओढ्याचा पाणलोट. सुरुवातीला सुमारे ५०० हेक्टरचा, म्हणजे साधारण १,२०० एकरांचा पाणलोट घ्या. सरकारी भाषेत हाच सूक्ष्म पाणलोट. त्याहून मोठा घेतला तर माणसे पुरत नाहीत. फार लहान घेतला तर वरून येणारी घाण तुमच्या हद्दीबाहेरच राहते.

ओढा जिथे नदीला किंवा मोठ्या नाल्याला मिळतो, तिथला पूल किंवा मोरी हे तुमचे शेवटचे ठिकाण. तिथून वर चालत जा आणि दोन्ही बाजूंना पाणी कुठे वाटले जाते ती माथ्याची रेषा शोधा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर २० मीटरच्या अंतराने उंचीच्या रेषा असतात. कच्ची हद्द त्यावर आखता येते. पण काळ्या जमिनीच्या सपाट शिवारात २० मीटरची रेषा फार ठोकळ पडते, आणि रस्त्याच्या भरावाने किंवा कॅनॉलने पाण्याची मूळ वाट बदललेली असते. पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर पडा आणि शंका असलेल्या जागी पाणी कुठल्या बाजूला जाते ते डोळ्यांनी पाहा. त्यानंतर सर्व्हे ऑफिसमधून प्रत्येक गावाचा नकाशा घेऊन त्यावर सर्व्हे नंबरांसह हद्द पक्की करा.

या भागात ही रेषा बऱ्याचदा राज्याची सीमा ओलांडते. ताम्रपर्णी आणि हिरण्यकेशी महाराष्ट्रातून कर्नाटकात येतात. राकसकोप जलाशयाच्या वरच्या अंगाला चंदगड तालुक्यातली शिवारे लागतात. ओढ्याचा माथा पलीकडे असेल तर तिथल्या गावाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. पैसा आणि मंजुरी दोन्हीकडे वेगळी राहील, ती एकत्र करण्याच्या नादी लागू नका. एक करायच्या त्या दोनच गोष्टी: पाणी तपासणीची वही आणि कामांचे वेळापत्रक. इकडच्या कचेरीत अर्ज कन्नडमधून द्या आणि त्याची मराठी प्रत गावात वाचून दाखवा. आपण कशावर सही केली हे लोकांना कळले नाही तर पुढे वर्षभर समज-गैरसमज निस्तरावे लागतात.

समिती

प्रत्येक गावातून दोघे घ्या, त्यातली एक बाई असावी. पाणी भरणारी आणि धुणे धुणारी बाई ओढ्याचा रंग रोज पाहते. शिवाय दूध सोसायटीचा एक माणूस, युवक मंडळाचा एक, देवस्थान पंच कमिटीतला एक, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक सदस्य. अकरा ते पंधरा जण पुरे. माथ्यावरचा शेतकरी आणि ओढ्याच्या शेवटचा शेतकरी दोघेही त्यात हवेत, कारण खर्च वरच्याला पडतो आणि फायदा खालच्याला होतो. हा प्रश्न पहिल्याच बैठकीत उघड बोलून घ्यावा. वरच्या शिवारातल्या कामाला खालच्या गावांनी श्रम द्यायचे, असा करार बरेचदा मान्य होतो.

ज्या गावांत वार पाळतात, तिथे वाराच्या दिवशीच बैठक ठेवा. शेतकाम बंद असल्याने माणसे सापडतात. पहिल्या बैठकीत ओढ्यावरच्या अतिक्रमणाचा विषय काढू नका. तो काढला की दुसऱ्या बैठकीला निम्मे लोक येत नाहीत.

प्रत्येक ग्रामपंचायतीकडून ठराव घ्या. ठरावात ओढ्याचे नाव, सर्व्हे नंबर, समितीची नावे आणि पाणी तपासणीला पंचायतीची संमती हे चार मुद्दे असू द्या. नुसत्या ‘सहकार्य करण्यात येईल’ अशा ओळीचा पुढे उपयोग होत नाही.

ओढा दोनदा चालून काढा

पहिली फेरी एप्रिल अखेरीस, वळवाच्या आधी. या काळात ओढ्यात जिवंत झरा नसताना पाणी वाहत असेल, तर ते जवळजवळ नक्कीच सांडपाणी. दुसरी फेरी पहिला मोठा पाऊस पडताच. वर्षभर साचलेले शेण, राख, प्लास्टिक आणि खतांचे अंश पहिल्या दोन-तीन पावसांतच खाली येतात.

खालून वर चालत प्रत्येक तोंडाला क्रमांक द्या: गटार कुठे मिळते, कुणाच्या गोठ्याचे पाणी उतरते, उकिरडा काठापासून किती फुटांवर आहे, धुण्याचा घाट, गाड्या धुण्याची जागा, गॅरेज, वीटभट्टी, संडासाच्या टाकीचा पाइप. मोबाइलवर जागेचे लोकेशन आणि फोटो घ्या, पण माणसांचे फोटो काढू नका आणि वहीत घराचे नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहा. या यादीतल्या सगळ्याच तोंडांचे वजन सारखे नसते. बहुतेक घाण मोजक्या तीन-चार ठिकाणांहून येते, आणि ती कोणती हे ठरवायला मोजमाप लागते.

काय मोजायचे, कसे मोजायचे

किमान पाच ठिकाणे ठरवा: पहिल्या वस्तीच्या वर एक, प्रत्येक वस्तीच्या खाली एक, आणि शेवटच्या पुलाजवळ एक. त्याशिवाय ओढ्यापासून साधारण १०, ५० आणि २०० मीटरवरच्या तीन विहिरी. वस्तीच्या वरचा नमुना सगळ्यांत महत्त्वाचा. तो नसेल तर खालचे पाणी गावामुळे बिघडले की मुळातच तसे होते, हे सांगता येत नाही.

जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासायचा किट ग्रामपंचायतींना देऊन गावातल्या पाच महिलांना शिकवण्याची तरतूद आहे. आधी आपल्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) त्याची चौकशी करा. किट कपाटात पडून असेल तर रसायनांची मुदत पाहा. मुदत संपलेल्या रसायनाने नायट्रेट कमी दिसू शकते. किटसोबत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर आणि गढूळपणाची नळी असली की घरच्या घरी बरेच काम होते. विरघळलेला ऑक्सिजन आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) यांची तपासणी मात्र प्रयोगशाळेत किंवा चांगल्या उपकरणानेच करावी.

नमुना घेताना प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे राहा. पायाने ढवळलेला गाळ बाटलीत जाऊ देऊ नका. मध्यधारेत, पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवर बाटली भरा. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही, आणि काठोकाठ भरायची नाही. ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीचा निकाल कुणीही गंभीरपणे घेऊ नये.

ऑक्सिजन नेहमी पहाटे मोजा. हिरव्या शेवाळाच्या तळ्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे तो तळाला जातो. मासे पहाटे मरतात ते यामुळेच. दुपारी मोजून ‘तळे उत्तम’ असा निष्कर्ष काढणे ही नवख्यांची ठरलेली चूक.

आकड्यांचा अर्थ लावायला या मर्यादा पाठ असाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (१०५००, सन २०१२) नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे, यात सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, नाइलाज असेल तर २,००० पर्यंत. पीएच ६.५ ते ८.५. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. ओढ्याच्या पाण्यात आंघोळ करायची तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा ऑक्सिजन) ३ पेक्षा जास्त नसावा.

नुसती तीव्रता मोजून भागत नाही, प्रवाहही मोजावा लागतो. सरळ दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली मोजा. वर एक लिंबू सोडा आणि दहा मीटरला किती सेकंद लागतात ते तीनदा पाहा. समजा रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर आणि वेळ ४० सेकंद. वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर झाला. पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो, म्हणून त्याला ०.८ ने गुणा. प्रवाह सेकंदाला ३६ लिटर येतो. या पाण्यात नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅम असेल, म्हणजे मर्यादेच्या आत, तरीही दिवसाला सुमारे ६२ किलो नायट्रेट वाहून जाते. त्यातले नत्र १४ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र असते. म्हणजे दर दीड दिवसाला एका पोत्याइतके नत्र ओढ्यावाटे जाते. शेतकऱ्यांच्या बैठकीत हा हिशेब मांडा, कारण मिलिग्रॅमपेक्षा पोते लगेच समजते.

वर्षात पाच वेळा मोजा: एप्रिल अखेर, पहिला पाऊस, ऑगस्ट, ऑक्टोबर अखेर आणि जानेवारी. तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करायची. एप्रिलचा आकडा ऑगस्टशी ताडला तर पावसाने पातळ झालेले पाणी सुधारणा म्हणून खपते.

पहिले काम: सांडपाणी

माणशी ५५ लिटर नळपाणी धरले तर त्यातले ४० लिटरच्या आसपास मोरीतून बाहेर येते. पाच माणसांच्या घराचे रोजचे २०० लिटर. हे पाणी घराजवळच जिरवता येते का, हे जमीन ठरवते. सरकारी योजनेतला शोषखड्ड्याचा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्याचा, नमुना सगळीकडे एकच असतो. जमीन मात्र गावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बदलते.

मुरण्याची परीक्षा अशी करा. खड्ड्याच्या जागी, ठरलेल्या खोलीवर, तीस सेंटिमीटरचा लहान खड्डा घ्या. आदल्या रात्री तो भरून ठेवा म्हणजे माती ओली होते. सकाळी पुन्हा पाणी घालून पातळी २.५ सेंटिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहा. दहा मिनिटे लागली तर भिंतीचा प्रत्येक चौरस मीटर दिवसाला साधारण ६५ लिटर पाणी शोषतो. २०० लिटरला तीन चौरस मीटरच्या वर भिंत हवी, म्हणजे १ मीटर व्यासाचा आणि पाइपच्या तोंडाखाली १.२ मीटर खोल खड्डा पुरतो. तीस मिनिटे लागली तर शोषण ३७ लिटरवर येते आणि १.२ मीटर व्यास, दीड मीटर खोली लागते. साठ मिनिटांहून जास्त लागत असतील तर शोषखड्डा करूच नका.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भातशिवारातली काळी जमीन पावसात फुगते आणि चिरा बंद होतात. उन्हाळ्यात चाचणी घेतली तर भेगांतून पाणी झपाझप जाते, खड्डा मंजूर होतो, आणि जुलैत तो तुडुंब भरून वाहतो. काळ्या जमिनीत चाचणी सप्टेंबरात घ्या. उलट अडचण खानापूरकडच्या जांभ्यात येते. तिथे पाणी इतके लवकर जाते की गाळले जातच नाही आणि दगडातल्या पोकळ्यांतून थेट विहिरीत उतरते. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान १८ मीटर दूर ठेवावा लागतो. जांभ्यात आणि भेगाळ खडकात हे अंतर दुप्पट धरा, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर नकोच. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या दोन मीटर वर असावा.

शोषखड्डा बुजतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: आधी जाळीची टाकी नसते, छपराचे पाणी त्यातच सोडलेले असते, किंवा भरायला बारीक मुरूम वापरलेला असतो. मोरी आणि खड्डा यांच्यामध्ये ४५ सेंटिमीटरची छोटी टाकी घाला, तिला जाळी लावा आणि दर पंधरा दिवसांनी साफ करा. खड्ड्यात मुठीपेक्षा मोठे दगड किंवा विटांचे तुकडे घाला. झाकण जमिनीपेक्षा थोडे वर ठेवा, म्हणजे अंगणातली माती आत जात नाही.

जिथे खड्डे जमत नाहीत तिथे गटारीच्या शेवटी वनस्पतींचा गाळणवाफा करावा. ५०० माणसांची वस्ती धरा. रोजचे २०,००० लिटर पाणी तीन दिवस थांबायला ६० घनमीटर जागा लागते. खडीत चाळीस टक्के पोकळी आणि ६० सेंटिमीटर खोली धरली की २५० चौरस मीटर वाफा येतो. ही अगदी किमान जागा. काही वर्षांनी पोकळी भरत जाते, म्हणून माणशी एक चौरस मीटर धरून ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठे मागा. वाफ्याआधी एका दिवसाचे पाणी मावेल अशी तीन कप्प्यांची गाळटाकी हवी. तळ आणि बाजू पाणी न झिरपणाऱ्या करा. तोंडाशी आणि शेवटी ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी. तळाला शंभर फुटाला एक फूट उतार. पाण्याची पातळी खडीच्या खाली पाच-दहा सेंटिमीटर ठेवा, वर आले की डास होतात. कर्दळ, पाणकणीस, वेखंड इथे सहज जगतात. वर्षातून एकदा कापणी करून पाला वाफ्याबाहेर काढायचा, नाहीतर त्यातले नत्र पुन्हा पाण्यात येते. खडी न धुता टाकणे ही सर्वांत महागडी चूक, कारण धुळीने वाफा पहिल्याच पावसाळ्यात चोंदतो आणि सगळी खडी उपसावी लागते.

संडासाचे पाणी या वाफ्यात सोडू नका. सेप्टिक टाकीचा पाइप गटारीत असेल तर तो आधी तोडून शोषखड्ड्याला जोडा. नवे संडास दोन खड्ड्यांचे करा. एक भरला की दुसरा सुरू, आणि पहिला किमान दीड वर्ष बंद ठेवून मगच उपसायचा.

उकिरडे हलवणे हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लवकर फळ देणारे काम आहे. काठावरचा उकिरडा किमान ३० मीटर मागे, उंचवट्यावर न्या, भोवती वीतभर बांध घाला, पावसाळ्यात वर ताडपत्री. गोठ्याचे मूत-पाणी वेगळ्या टाकीत धरून थेट भाजीला देता येते. ओढ्यातला कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा गट, या एका कामाने काही आठवड्यांत उतरताना दिसू शकतो.

उतार आणि शेत

पडीक उतारावर समपातळीतल्या चरी घ्यायच्या तर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर पुरतो. समपातळी डोळ्यांनी काढू नका. ए-फ्रेम (इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी, ओळंबा लावलेली चौकट) किंवा दहा-बारा मीटरची पारदर्शक पाण्याची नळी वापरा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे पाऊस मोठा आहे, तिथे सलग चर टाळा. एका जागी फुटला की सगळे पाणी तिथून उतरते आणि नवी घळ पडते. तिथे तुटक, एकाआड एक चरी घ्या. वनजमीन असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळ लावू नका.

घळीत दगडी बांध घालताना उंची एक मीटरच्या आत, मधला भाग काठांपेक्षा ३० सेंटिमीटर खोलगट, आणि दोन्ही टोके काठात अर्धा मीटर घुसवलेली. वरच्या बांधाचा पाया खालच्या बांधाच्या माथ्याच्या पातळीत यायला हवा. शंभराला पाच उतार आणि एक मीटर उंची असेल तर दोन बांधांत २० मीटर अंतर. मधला भाग खोलगट ठेवला नाही तर पाणी कडेने जाऊन काठ कापते, आणि बांध कोरडा उभा राहतो.

रताळ्याचे सरी-वरंबे उताराला आडवे काढा. तांबड्या जमिनीत उभ्या सऱ्यांतून जाणारी माती ओढ्याचा रंग बदलते. बांधावर वाळ्याची ओळ लावा, दोन रोपांत १० ते १५ सेंटिमीटर. युरिया एकदम न टाकता तीन हप्त्यांत द्या, जोराच्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी देऊ नका, आणि ओढ्यालगतच्या दहा मीटरांत टाकू नका. उसाला पाटाने भरमसाट पाणी देणाऱ्या पट्ट्यात विहिरींच्या नायट्रेटकडे विशेष लक्ष ठेवा.

काठावर लहान ओढ्याला पाच, मोठ्याला दहा मीटरची हिरवी पट्टी असावी: करंज, जांभूळ, उंबर, बांबू आणि खाली गवत. जागा कोणाची हे मोजणीनेच ठरू द्या. उताऱ्यात ‘ब’ खराब म्हणून दाखवलेली नाल्याची जमीन सार्वजनिक असते.

बंधारा सर्वांत शेवटी

पाणी अडवायच्या जागेवर एप्रिल अखेरच्या दोन वर्षांच्या नोंदी हव्यात. पहाटेचा ऑक्सिजन चारच्या खाली असेल, किंवा ओढा उन्हाळ्यात फक्त गटारीवर वाहत असेल, तर तिथे बंधारा बांधू नका. साचलेल्या सांडपाण्यावर जलपर्णी वाढते आणि शेजारच्या विहिरी बिघडतात. बळ्ळारी नाल्यासारख्या शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यावर तर गावाने अडवणुकीचे काम हाती घेऊच नये. तिथे शहराची शुद्धीकरण यंत्रणा हाच उपाय.

शक्य असेल तिथे फळ्यांचा, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा निवडा. पहिल्या पावसाची घाण खाली निघून जाऊ द्या, आणि ऑक्टोबरमध्ये सलग दोन नमुने बरे आल्यावरच फळ्या बसवा. जूनच्या आधी काढून छपराखाली ठेवा. फळ्या आणि रबर कोणाच्या ताब्यात, याची लेखी नोंद नसेल तर पुढच्या वर्षी निम्म्या सापडत नाहीत.

गाळ काढताना तळाचा पक्का थर फोडू नका आणि बांधाच्या पायथ्यापासून १५ मीटर जागा सोडा. वरच्या अंगाला फाउंड्री, प्लेटिंग किंवा गॅरेज असतील तर गाळातले जड धातू तपासल्याशिवाय तो शेतात टाकू नका.

विहिरीला कठडा आणि भोवती बाहेरच्या बाजूला उताराचा ओटा करा. पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४,००० लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे पाणी विहिरीत सोडा, आणि तासाभराने क्लोरीन तपासा. उघड्या पोत्यातली पावडर जोर गमावते, म्हणून वास मंद झालेली वापरू नका.

पैसा, कागद, तक्रार

एका योजनेतून सगळे होत नाही. चरी, बांध, शोषखड्डे यांसाठी रोजगार हमी. सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत (ग्रामीण), ज्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या निकषात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपये धरलेले आहेत. ५०० माणसांच्या गावाला ते १,४०,००० होतात. गाळणवाफ्याला कमी पडणारी रक्कम वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेच्या राखीव हिश्श्यातून पंचायत घालू शकते. कामांची यादी ऑगस्ट ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत मंजूर करून घ्या, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात ती येते. खोदकाम जानेवारी ते एप्रिल उरकायचे. मे अखेरीस भाताची धूळवाफ पेरणी सुरू झाली की मजूर मिळत नाहीत.

कारखान्याचे पाणी ओढ्यात सुटलेले दिसले तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्या: जागा, वेळ, फोटो, रंग, वास. तुमच्या किटचा निकाल तपासाची दिशा दाखवतो, पण कोर्टात चालत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार अधिकाऱ्याने घेतलेला नमुनाच ग्राह्य धरतात. म्हणून पाणी वाहत असतानाच अधिकारी यायला हवा, आठवड्याने आलेल्याला कोरडा पाइप दिसतो.

वही आणि फलक

प्रत्येक नमुन्याची तारीख, वेळ, ठिकाण, आदल्या दोन दिवसांचा पाऊस, प्रवाह आणि आकडे एकाच वहीत लिहा. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. पाचही ठिकाणांचे आकडे चावडीच्या किंवा देवळाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि कन्नडमध्ये लावा. वाईट आकडाही लावा. तो झाकला की फलकावरचा विश्वास उडतो.

कोलिफॉर्म काही आठवड्यांत हलतो. गढूळपणा एक-दोन पावसाळ्यांत. विहिरीतले नायट्रेट उतरायला तीन वर्षे किंवा त्याहून जास्त लागू शकतात, कारण आधी मुरलेले पाणी जमिनीत असतेच. हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी समिती थकते. तिसऱ्या वर्षी एप्रिल अखेरीस पुन्हा तीच फेरी काढा, तोंडांचे क्रमांक तेच ठेवा, आणि बंद झालेल्या तोंडांवर वहीत तारीख घाला.